रेघेची जाडी

कॉलेजच्या डार्क रूममध्ये सोडियमचा दिवा लावला, की तो लगेच पिवळा होत नाही. आधी गुलाबीसर तांबडा दिसतो. तो आतल्या निऑनचा उजेड. सोडियम तापून त्याची वाफ व्हायला काही मिनिटं लागतात आणि मग अंधारातल्या सगळ्यांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे पिवळे दिसू लागतात. तेवढ्या वेळात मुलांना वर्णपटमापीची ओळख करून द्यायची, हा माझा तीस वर्षांचा शिरस्ता. ही दुर्बीण, हा कॉलिमेटर, हे दोन बाजूंचे व्हर्नियर, आणि ही स्लिट, म्हणजे उजेड आत येण्याची अरुंद फट. ग्रेटिंग बसवून दुर्बीण दुसऱ्या ऑर्डरला नेली, की सोडियमची पिवळी रेघ एक नसून दोन आहेत हे दिसतं. एक ५८९.० नॅनोमीटरवर, दुसरी ५८९.६ वर. दोन्हींमध्ये केसाएवढं अंतर.

२००९ च्या सुमारास एका मुलीनं जर्नलमध्ये लिहिलं, 'एकच रेघ दिसली. जाड आहे.' मी लाल शाईनं खाली शेरा मारला, 'दोन अपेक्षित. पुस्तक पाहा.' तिनं पुस्तक पाहिलं आणि पुढच्या आठवड्यात दोन रेघांची व्यवस्थित रीडिंग आणून दाखवली. मी सही केली. ती रीडिंग तिनं घेतली होती की बनवली होती, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं ते वेगळंच, पण ते मला बऱ्याच वर्षांनी सुचलं.

ही मुलगी पुढे पीएच.डी.साठी युरोपातल्या एका विद्यापीठात गेली. तिथून तिचा फोन आला. "मॅडम, मी पुन्हा स्पेक्ट्रोस्कोपीच करतेय. फक्त अणू आमचा आम्ही बनवतो."

मी म्हटलं, "अगं, अणू कुणी बनवत नसतं. तो असतो."

हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा उच्चारलं होतं. सोडियमचा अणू सांगलीत तोच, सूर्यावरही तोच, म्हणून तर वर्णपटावर विश्वास ठेवायचा. माणसानं केलेल्या दोन वस्तू कधी तंतोतंत सारख्या नसतात. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे हे पटायला मला निवृत्तीनंतरचं एक वर्ष आणि बरंच वाचन लागलं. त्या वाचनातून जे हाती लागलं, ते इथे मांडते आहे. क्वांटम संगणकाबद्दल वर्तमानपत्रांत इतकं येतं की मी त्या वाटेला जाणार नाही. मला कुतूहल आहे ते रेघेचं.

वर्णपटाच्या दृष्टीनं अणू म्हणजे ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या. एवढंच असेल तर तारेचं वेटोळं आणि कपॅसिटर जोडून केलेलं साधं मंडलही पुरेसं आहे. जुन्या रेडिओत स्टेशन लावायला हेच मंडल असे. पुरेसं गार केलं, तर त्यातही ऊर्जा पायरीपायरीनं वाढते. पण त्याच्या सगळ्या पायऱ्या एकाच उंचीच्या. पहिली पायरी चढवणारा सूर दुसरीही चढवतो, तिसरीही. मग तुम्ही नेमके कुठल्या पायरीवर आहात हे ठरवताच येत नाही. सोडियमचं तसं नाही. त्याच्या पायऱ्या असमान आहेत, म्हणून प्रत्येक उडीचा रंग वेगळा. कृत्रिम अणू बनवायचा तर असमान पायऱ्यांचं मंडल हवं.

ते जमवणारा भाग ब्रायन जोसेफसन यांच्या नावानं ओळखला जातो. १९६२ साली केंब्रिजला पीएच.डी. करत असताना, वयाच्या २२ व्या वर्षी, त्यांनी गणितानं दाखवलं की दोन अतिसंवाहक धातूंच्या मध्ये विद्युतरोधकाचा अगदी पातळ थर ठेवला, तर इलेक्ट्रॉनांच्या जोड्या कोणताही व्होल्टेज न लावता पलीकडे जातील. १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. आज हा सांधा बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमचा असतो: ॲल्युमिनियम, त्यावर एक-दोन नॅनोमीटरचा त्याचाच ऑक्साइड, वर पुन्हा ॲल्युमिनियम. मंडलात वेटोळ्याच्या जागी हा सांधा घातला की पायऱ्या वर जाताना आखूड होत जातात. पहिली पायरी ५ गिगाहर्ट्झची असेल, तर दुसरी तिच्याहून दोन-तीनशे मेगाहर्ट्झनं कमी. एवढा फरक पुरतो. खालच्या दोन पायऱ्या बाजूला काढता येतात, एकीला शून्य म्हणायचं, दुसरीला एक. त्यालाच क्युबिट म्हणतात.

अशा मंडलाला खरोखर पायऱ्या असतात, हे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं बर्कलीला. जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांनी १९८५ मध्ये एका सांध्यातून प्रवाह सोडला, त्यावर सूक्ष्मतरंग टाकले आणि प्रवाह सावकाश बदलत नेला. प्रवाह बदलला की पायऱ्यांची उंची बदलते. ती उंची टाकलेल्या सूक्ष्मतरंगाशी जुळली, की सांधा आपल्या शांत, शून्य व्होल्टेजच्या अवस्थेतून एरवीपेक्षा लवकर निसटे. आलेखावर त्या त्या जागी शिखर उठे. हा एका अणूचा वर्णपट नव्हता. असंख्य इलेक्ट्रॉन एकजीव होऊन वागणाऱ्या, माणसानं बनवलेल्या मंडलाचा होता. चाळीस वर्षांनी, २०२५ च्या ऑक्टोबरात, या तिघांना याच कामासाठी नोबेल जाहीर झालं. माझ्या त्या ठाम वाक्याचा निकाल तिथेच लागला होता, मी ते वर्गात पहिल्यांदा उच्चारलं त्याच्याही आधी.

पण बर्कलीच्या पद्धतीत एक अडचण होती. सांध्याची अवस्था कळायची ती तो निसटल्यावर. फटाका फुटल्यावरच वात पेटली होती हे कळावं, तसं. अणूला हात न लावता त्याची विचारपूस करायची तर दुसरी युक्ती हवी होती.

ती युक्ती सापडली येल विद्यापीठात. अँड्रियास वॉलराफ, डेव्हिड शुस्टर, अलेक्झांडर ब्लेस, स्टीव्हन गर्व्हिन, रॉबर्ट शोलकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या तुकड्यावर नायोबियमची एक नागमोडी पट्टी काढली. उलगडली तर लांबी सुमारे २४ मिलिमीटर, मधल्या वाहकाची रुंदी १० मायक्रॉनच्या घरात. दोन्ही टोकांना बारीक खंड पाडलेले. अशा पट्टीत सूक्ष्मतरंग अडकून राहतो, तारेच्या दोन घोड्यांमध्ये कंपन अडकावं तसा. हा रेझोनेटर. मराठी परिभाषेत रेझोनन्सला अनुस्पंदन म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण तो उच्चारताना मुलं अडखळत, म्हणून मी रेझोनेटरच म्हणते. येलच्या पट्टीचा स्वतःचा सूर होता ६.०४ गिगाहर्ट्झ. पट्टीच्या मध्याशी, जिथे विद्युतक्षेत्र सर्वांत जोरकस असतं तिथे, त्यांनी आपला कृत्रिम अणू बसवला.

ज्यांच्या घरात गाणं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. कोपऱ्यात तंबोरा लावून ठेवलेला असला आणि कुणी नेमका षड्ज लावला, की कुणी न छेडता त्याची तार बोलते. सूर जरा हलला की ती गप्प. रेझोनेटरचं काम तेच. बाहेरून सूक्ष्मतरंग सोडायचा, त्याची कंप्रता हळूहळू बदलायची आणि पलीकडे किती पोचतं ते मोजायचं. पट्टीचा सूर लागला की एक शिखर उठतं. रेझोनेटर एकटा असेल तर एकच.

आता अणूचा सूर बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रानं आणि व्होल्टेजनं बदलता येतो. हीच बनवलेल्या अणूची खासियत. सोडियमचे कान असे पिळता येत नाहीत. येलच्या मंडळींनी अणूचा सूर आणत आणत रेझोनेटरच्या सुराशी मिळवला. दोन्ही ६.०४ वर. अशा वेळी काय दिसावं? माझ्यासारख्या माणसानं सांगितलं असतं, दोघांचा सूर एक, म्हणजे शिखर एक, फार तर जरा उंच.

दिसली दोन. मधली जागा, जिथे शिखर हवं होतं, ती रिकामी आणि दोन्ही बाजूंना एकेक शिखर. त्यांच्यातलं अंतर १२ मेगाहर्ट्झच्या जरा आत. हा आलेख सप्टेंबर २००४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. माझ्या विद्यार्थिनीनं मला पाठवलेला पहिला निबंध तोच. मी आलेख पाहिला आणि मला आमची डार्क रूम आठवली.

दोन शिखरं का, हे वाळत घालायच्या दोरीवर समजतं. दोरीला सारख्या लांबीच्या दोन सुतळ्यांनी दोन दगड टांगा. एकाला झोका द्या. थोड्या वेळानं तो थांबतो आणि दुसरा झुलू लागतो, मग पुन्हा पहिला. दोरीतून झोका इकडून तिकडे जात राहतो. या जोडगोळीला एका सुरात झुलण्याच्या दोन तऱ्हा आहेत: दोघं एका दिशेनं, किंवा दोघं उलट दिशेनं. दोन्हींची गती किंचित वेगळी. येलच्या चिपवर दगडांच्या जागी अणू आणि रेझोनेटर, आणि झोका फक्त एका फोटॉनाएवढा. तो कधी रेझोनेटरात प्रकाश होऊन असतो, कधी अणूच्या वरच्या पायरीवर. हा हेलपाटा सेकंदाला सुमारे एक कोटी सोळा लाख वेळा. दोन शिखरं म्हणजे या वाटणीच्या दोन तऱ्हा.

यातली जी गोष्ट मला अजून पचलेली नाही, ती अशी. सोडलेला सूक्ष्मतरंग इतका क्षीण होता की रेझोनेटरमध्ये सरासरी एक फोटॉनही नसे. पट्टी जवळजवळ रिकामी. तरी अंतर १२ मेगाहर्ट्झच. हे अंतर आत किती प्रकाश भरला आहे यावरून ठरत नाही. रिकाम्या रेझोनेटरमध्ये पुंज यामिकीनुसार जी किमान धुगधुगी असते, तिच्यावरून ठरतं. एडविन जेन्स आणि फ्रेड कमिंग्ज यांनी १९६३ मध्ये एक अणू आणि एकाच सुराचा प्रकाश यांचं गणित मांडलं होतं, त्यात हे येतं. सर्ज आरोश यांनी पॅरिसमध्ये आरशांच्या पोकळीतून खरे रुबिडियम अणू एकेक करून सोडून ते पडताळलंही होतं. पण तिथे हा हेलपाटा सेकंदाला पन्नास हजारांच्या आसपास आणि अणू आरशांमधून निघून जायचा. चिपवर तो दोनशेपटींहून वेगवान आणि अणू जागचा हलत नाही.

आता जाडी. कुठलंही शिखर सुईसारखं नसतं. त्याला रुंदी असते. येलच्या आलेखात ती एका मेगाहर्ट्झच्या आसपास होती. फोटॉन रेझोनेटरच्या टोकांतून बाहेर झिरपतो, अणूही आपली ऊर्जा आजूबाजूला हरवतो. जितकी गळती जोरात, तितकी रेघ जाड. दोघं एकरूप झालेले असताना शिखराची जाडी ही दोघांच्या गळतीची सरासरी निघते. हे मला भारी वाटलं. संसारासारखं, म्हणणार होते, पण नको.

समजा गळती दहा-पंधरापट असती. हेलपाटा तेवढाच, पण प्रत्येक शिखर इतकं पसरट की दोन्ही एकमेकांत मिसळली असती. आलेखात एकच जाड शिखर दिसलं असतं. म्हणजे 'दोन की एक' हा प्रश्न शेवटी अंतर मोठं की जाडी मोठी, एवढ्यावर येतो. पदार्थविज्ञानात याला सशक्त युग्मन म्हणतात, आणि त्याची कसोटी याहून अवघड नाही. अणू आणि फोटॉन यांनी काही फेऱ्या एकमेकांत केल्या की बाहेरच्या जगानं त्याआधीच हात घातला, ते जाडीत लिहिलेलं असतं. माझ्या लाल शेऱ्यात जाडीचा उल्लेख नव्हता. तिच्या वाक्यात होता.

रोजच्या कामात मात्र अणू आणि रेझोनेटर यांचे सूर मुद्दाम वेगळे ठेवतात, एखाद्या गिगाहर्ट्झच्या अंतरावर. मग त्यांच्यात फोटॉनाची देवाणघेवाण होत नाही, फक्त एकमेकांची चाहूल राहते. अणू खालच्या पायरीवर असेल तर रेझोनेटरचा सूर एका जागी, वरच्या पायरीवर असेल तर जरा सरकलेला, एखाद्या मेगाहर्ट्झनं. यावरून वर्णपट घेण्याची जी रीत निघाली, तिला दोन सुरांची स्पेक्ट्रोस्कोपी म्हणता येईल. एक सूर रेझोनेटरवर धरून ठेवायचा आणि त्याचं उत्तर ऐकत राहायचं. दुसरा सूर अणूच्या टापूत सावकाश फिरवायचा. तो अणूच्या पायरीशी जुळला की अणू वर उडी मारतो आणि रेझोनेटरचं उत्तर बदलतं. अणूकडे कुणी थेट पाहिलेलंच नसतं. शेजारच्या घरातला आवाज बदलला म्हणून पाहुणे आल्याचं कळावं, तसा हा प्रकार.

पण शेजाऱ्याला विचारणंही फुकट नाही. रेझोनेटर ऐकायचा तर त्यात थोडे फोटॉन हवेत, आणि अणूला रेझोनेटरची चाहूल लागते तशी या फोटॉनांचीही लागते. प्रत्येक फोटॉन अणूची रेघ थोडी सरकवतो. २००५ मध्ये येलच्याच गटानं हे मोजलं: ऐकण्याचा सूर जसजसा मोठा केला, तसतशी अणूची रेघ सरकलीही आणि जाडही झाली. जाड का, तर आतल्या फोटॉनांची संख्या स्थिर नसते. आत्ता दोन, पुढच्या क्षणी एक, मग तीन. रेघ त्या त्या जागी उड्या मारते आणि आपल्याला तिचा सरासरी धुरळा दिसतो.

मग २००७ साली त्यांनी जास्त जोरकस युग्मनाची चिप केली. आता एका फोटॉनानं रेघ जेवढी सरकते ते अंतर रेघेच्या जाडीपेक्षा मोठं झालं. आणि धुरळा सुटा झाला. एका जाड रेघेच्या जागी ओळीनं शिखरं उभी राहिली: शून्य फोटॉनांचं, एकाचं, दोनाचं, तिनाचं. प्रत्येक शिखराची उंची सांगते की रेझोनेटरमध्ये तितके फोटॉन किती वेळा सापडतात. प्रकाश कण होऊन येतो हे मी वर्गात आइनस्टाइनच्या प्रकाशविद्युत परिणामावरून शिकवत आले. तो युक्तिवाद आहे. हा आलेख म्हणजे हजेरीपट.

आपल्याकडेही हे काम चालतं, आणि फार लांब नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राजमणी विजयराघवन यांची प्रयोगशाळा अतिसंवाहक क्युबिटांवर काम करते. त्यांची पीएच.डी. येलची, देवोरे यांच्या प्रयोगशाळेतली. पुढे बर्कलीला असताना त्यांनी डॅनिएल स्लिक्टर आणि इरफान सिद्दीकी यांच्यासह २०११ मध्ये एका कृत्रिम अणूच्या पुंज-उड्या घडत असतानाच टिपल्या, म्हणजे सरासरी न काढता, एकेक उडी, रेझोनेटरच्या उत्तरातून. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेनं आणि या संस्थेनं मिळून सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पुरी केल्याचं जाहीर झालं. क्युबिट कुलाब्यात घडवलेले होते. वर्तमानपत्रांनी बातमीत सहा हा आकडा ठळक केला. त्यामागे एकेका क्युबिटाची रेघ शोधत बसलेली माणसं असतात, ती बातमीत येत नाहीत. येण्याचं कारणही नाही.

यासाठी थंडी किती लागते, याचा हिशेब सोपा आहे. पिवळ्या प्रकाशाची कंप्रता ५ गिगाहर्ट्झच्या लाखपट. त्याच्या एका फोटॉनापुढे खोलीतली उष्णता किरकोळ ठरते, म्हणून सोडियमची रेघ तापलेल्या दिव्यातही दिसते. ५ गिगाहर्ट्झचा फोटॉन इतका लहान, की खोलीच्या तापमानाला नुसत्या उष्णतेनंच अशा रेझोनेटरमध्ये सरासरी हजारावर फोटॉन भरलेले असतात. ते सगळे हाकलायचे तर निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या दोन शतांश अंशावर उतरावं लागतं. अवकाशाचं तापमान २.७ अंश, म्हणजे शंभरपटींहून जास्त. हे काम हेलियमच्या दोन समस्थानिकांच्या मिश्रणावर चालणारा शीतक करतो. फोटोत तो सोनेरी झुंबरासारखा दिसतो: एकाखाली एक सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या, प्रत्येक तबकडी वरच्या तबकडीपेक्षा गार.

खरी पंचाईत तारांची. चिपला सूक्ष्मतरंग पोचवायचा तर खोलीपासून चिपपर्यंत केबल हवी, आणि केबलमधून खोलीची उष्णताही खाली उतरते. म्हणून वाटेत ठिकठिकाणी अ‍ॅटेन्युएटर बसवतात, संकेत दाबणारे डबीएवढे तुकडे. सगळे मिळून संकेताचा जेमतेम दहा लाखावा भाग खाली जाऊ देतात. इतका खटाटोप करून पाठवायचं आणि वाटेतच बहुतेक सगळं टाकून द्यायचं, हे ऐकून मला हसू आलं होतं. पण संकेताबरोबर उष्णतेचे फोटॉनही तितकेच गाळले जातात, आणि संकेत वरून हवा तेवढा मोठा सोडता येतो, उष्णता नाही. अट एकच: अ‍ॅटेन्युएटर स्वतः गार हवा. तो तापलेला राहिला, तर स्वतःचेच फोटॉन खाली सांडतो.

आता त्या फोनकडे येते. तिच्या तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात, आपल्याकडे रात्रीचे दहा वाजले असतील. आवाज उतरलेला होता. नव्या चिपच्या अणूची रेघ अपेक्षेपेक्षा कितीतरी जाड येत होती. तिच्या गाइडचं मत, चिपच खराब निघाली, दुसरी बसव. दुसरी बसवायची म्हणजे शीतक गरम करायला दोन दिवस, पुन्हा गार करायला तेवढेच, आणि ती चिप घडवण्यातले तिचे चार महिने पाण्यात. "काय लिहू लॉगबुकमध्ये?" तिनं विचारलं. गाइडला दाखवायच्या आलेखासाठी तिनं रेघेवर ठरलेल्या आकाराची बारीक वक्ररेषा बसवली होती. नीट बसत नव्हती, पण दुरून चालून गेली असती.

मला तिच्या यंत्रातलं काही कळत नव्हतं. मला एकच प्रश्न येत होता, आणि तो २००९ मध्ये विचारायचा राहिला होता. मी म्हटलं, "स्लिट किती उघडी आहे?"

ती हसली. डार्क रूममध्ये तिला एकच जाड रेघ दिसली, कारण फट रुंद होती. ती जाडी सोडियमची नव्हतीच, आमच्या यंत्राची होती. पुस्तकात पाहून दोन रेघा लिहायला सांगण्याऐवजी मी स्क्रू फिरवून फट बारीक करायला सांगायला हवं होतं. हे मी तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, तेव्हाची ती रीडिंग मी मैत्रिणीच्या जर्नलमधून उतरवली होती." मला ते ठाऊक होतं, बहुधा.

चिपच्या बाबतीत स्लिट म्हणजे सुरांचा जोर. अणूवर टाकलेला सूर मोठा असला तरी रेघ जाड होते, ऐकण्याचा सूर मोठा असला तरी होते. दोन्ही कमी करत नेले की यंत्राची जाडी उतरते आणि जी उरते ती अणूची. तिनं रात्रभर बसून तसं केलं. रेघ बारीक झाली, पण एका मर्यादेला थांबली. आणि त्या उरलेल्या जाडीत एक गोष्ट दिसली, जी मोठ्या सुरात झाकली गेली होती: रेघ दोन्ही बाजूंना सारखी नव्हती. खालच्या कंप्रतेच्या बाजूला ओघळल्यासारखी झुकलेली. गळतीनं आलेली जाडी दोन्हीकडे सारखी असते. एकाच बाजूचा ओघळ म्हणजे वेगळी कहाणी. तिच्या जातीच्या अणूत रेझोनेटरमधला प्रत्येक फोटॉन रेघ खालीच सरकवतो. तिनं मुद्दाम थोडे फोटॉन रेझोनेटरमध्ये सोडून पाहिले. ओघळ त्याच बाजूला वाढला. म्हणजे आत न बोलावलेले फोटॉन होते. चिप बरी होती. कुठूनतरी ऊब येत होती.

शीतक गरम करावाच लागला, पण चिप काढण्यासाठी नाही. सर्वांत खालच्या तबकडीवर अ‍ॅटेन्युएटर जखडणाऱ्या पट्टीचा एक स्क्रू सैल होता. तबकडी गार, पण तो तुकडा तिला नीट टेकलेला नसल्यामुळे पुरेसा गार होत नव्हता. तिनं स्क्रू आवळला, सगळं बंद केलं आणि पुन्हा थंडीची वाट पाहिली.

सातव्या दिवशी सकाळी मला तिचा आलेख आला. मी तो छापून घेतला. कागदावर पाहिल्याशिवाय मला अजून आलेख कळत नाही. रेघ बारीक होती, मला वाटलं होतं त्याहूनही. शेजारी तिनं पेन्सिलीनं लिहून त्याचा फोटो काढलेला: 'एकच. बारीक आहे. डावीकडे किंचित फुगवटा.'

मी विचारलं, "फुगवटा कसला?"

"बघतेय," ती म्हणाली.